विचारलं तर सांगावं असं जगणं: नाशिकच्या ख्रिस्ती माणसासाठी सोमवार ते शनिवारचं शिष्यत्व

शिष्यत्व, म्हणजे येशूच्या मागे चालणं, म्हटलं की दोनच चित्रं डोळ्यांपुढे येतात. रविवारी इस्त्रीचे कपडे घालून चर्चला निघालेलं कुटुंब, नाहीतर चौकात उभं राहून पत्रकं वाटणारा माणूस. मधले सहा दिवस कुणाच्याच हिशेबात नसतात. हा लेख त्या सहा दिवसांसाठी आहे. सातपूर-अंबडला शिफ्ट करणारे, निफाड-दिंडोरीकडे बाग असणारे, शाळेत शिकवणारे, सोसायटीत चार भिंतींपलीकडे चार धर्मांचे शेजारी असणारे, अशा सगळ्यांसाठी. तुम्ही कॅथलिक असा, सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असा की एखाद्या घरगुती मंडळीचे, पायऱ्या फारशा बदलत नाहीत.

येशूचा शिष्य पेत्र याने बायबलमधल्या आपल्या पहिल्या पत्रात (3:15) सांगितलंय की तुमच्यातल्या आशेबद्दल जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. यातला क्रम बघा. आधी कुणीतरी विचारतं, मग आपण बोलतो. आपण बहुतेक वेळा उलटं करतो, न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत सुटतो. नाशिकमध्ये तर याची मुळीच गरज नाही. रामकुंड, त्र्यंबकेश्वर, पायी जाणारे वणीचे भाविक, आणि फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला सर्व धर्मांतून येणारी माणसं असलेल्या या शहरात देवाबद्दल बोलणाऱ्यांची टंचाई कधीच नव्हती. माणूस बघतो तो हे की या बोलणाऱ्याचा उधारीचा व्यवहार कसा आहे.

म्हणून सुरुवात बोलण्यापासून करायची नाही.

पहिली पायरी: रोजचा एक ठरलेला वेळ

पहाटे उठून एकांतात जाण्याची येशूची सवय मार्क 1:35 मध्ये आहे. पण फर्स्ट शिफ्टसाठी पहाटे कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्याला 'पहाटे उठा' हा सल्ला काय कामाचा? वेळ कोणतीही चालेल, फक्त ती ठरलेली हवी. नाइट करून आल्यावर अंघोळीनंतरची वीस मिनिटं, मुलांना शाळेत सोडल्यावर पोळ्या लाटण्याआधीची वीस मिनिटं, दुकान उघडून पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंतचा वेळ, काहीही.

काय वाचायचं? मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूच्या जीवनाचं एक पुस्तक, घ्या. सोळा अध्याय आहेत. रोज अर्धा अध्याय वाचला तर साधारण महिन्याभरात पूर्ण होतं. 'रोज पाच अध्याय' असली योजना हातात घेऊ नका, ती जानेवारीत सुरू होते आणि मकरसंक्रांतीला संपते. वाचताना एक साधी वही ठेवा, दोनशे पानी, शाळेची असते तशी. तीन ओळी लिहायच्या: येशू इथे काय करतोय, समोरच्या माणसाला काय हवं होतं, आणि आज माझ्या हातून यातलं काय होण्यासारखं आहे. तिसरी ओळ शक्य तितकी ठोस लिहा. 'मी प्रेमळ होईन' ही ओळ नाही. 'सुपरवायझरने कालच्या रिजेक्शनबद्दल विचारलं तर ऑपरेटरवर ढकलणार नाही' ही ओळ आहे.

वहीच्या शेवटच्या पानावर पाच नावं लिहा. रोज भेटणाऱ्या पाच माणसांची, नातेवाईक सोडून. सोसायटीचा वॉचमन, शेजारच्या काकू, कंपनीतला जोडीदार, मुलाच्या क्लासचे सर, दूधवाला. त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करायची, पण त्यांनी बदलावं म्हणून नव्हे. त्यांच्या घरी काय चाललंय हे माहीत असेल तर त्यासाठी. माहीत नसेल तर ते माहीत करून घेणं हेच या आठवड्याचं काम. नावं लिहिलेली वही घरात ठेवा, कुणाला दाखवत बसू नका. आपलं नाव कुणाच्या यादीत आहे हे कळलं की माणसाला आपण सावज असल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं बरोबरच आहे.

दुसरी पायरी: पैसा

यावर जरा जास्त लिहितो, कारण माझ्या मते साक्षीची, म्हणजे आपला विश्वास लोकांपुढे मांडण्याची, निम्मी लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते.

जक्कय या जकातदाराच्या घरी येशू गेला (लूक 19) तेव्हा जक्कयाने भजन म्हटलं नाही. उभा राहून त्याने हिशेब सांगितला: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत. एका रविवारी दुपारी कागद घेऊन बसा. देणं काय काय आहे ते लिहा. किराण्याच्या खात्यावरची बाकी, मित्राकडून घेतलेले आणि 'तो काही म्हणत नाही' म्हणून राहिलेले पैसे, सोसायटीचा थकलेला मेंटेनन्स, कामवाल्या मावशींना दिवाळीत कबूल केलेली पगारवाढ. मग छोट्यापासून सुरुवात करून एकेक फेडा. मोठी रक्कम असेल तर समोरच्याला जाऊन सांगा की दर महिन्याला इतके देतो. सांगणं हेच अवघड असतं.

बागायतदारांसाठी एक वेगळा मुद्दा. ऑक्टोबर छाटणीपासून द्राक्षं निघेपर्यंत पेठ, सुरगाणा, हरसूलकडची कुटुंबं बागांवर येतात. उचल आधी दिलेली असते, हजेरीची वही मालकाकडे असते, आणि विरळणीच्या दिवसांत कुणी अर्धा दिवस काम केलं, कुणाचं मूल आजारी म्हणून घरी राहिलं, हे सगळं त्या वहीत मालकाच्या अक्षरात उतरतं. मजुराला बहुतेक वेळा ते वाचता येत नाही. याकोबाने (5:4) शेत कापणाऱ्या मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते असं लिहिलंय, ते याच वहीबद्दल आहे असं मला वाटतं. करायचं काय? हजेरी रोज संध्याकाळी टोळीच्या मुकादमासमोर मोठ्याने वाचायची. उचल किती वळती झाली ते दर आठवड्याला सांगायचं. बेदाण्याला माल गेला, भाव पडला, पावसाने मणी तडकले, तरी ठरलेली मजुरी ठरलेल्या दिवशी द्यायची. नुकसान मालकाचं असतं, मजुराचं नाही. टोळी पुढच्या वर्षी तुमच्याच बागेवर का येते, हे शेजारचा बागायतदार एक दिवस नक्की विचारेल.

नाशिकच्या ख्रिस्ती इतिहासातलं एक प्रकरण मला यासाठी फार आवडतं. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज मिशन संस्थेने 1854 मध्ये शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसवली. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे आणली जात, अक्षरओळखीबरोबर सुतारकी-लोहारकीसारखे हातचे धंदे शिकत. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. 1873 मध्ये मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आत खोल भागात वारला तेव्हा वेनराइट तिथे होता. ज्या झाडाखाली लिव्हिंगस्टनचं हृदय पुरलं त्या झाडाच्या खोडावर अक्षरं त्याने कोरली, दफनविधीची प्रार्थना त्याने वाचली, आणि मेलेल्या माणसाच्या पेट्या उघडून आतल्या वस्तूंची यादी केली तीही त्यानेच. मग सोबत्यांनी तो देह महिनोन्‌महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. 1874 च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्ययात्रा झाली तेव्हा वेनराइट शवपेटीच्या खांदेकऱ्यांत होता. लोक त्या पायपिटीचं कौतुक करतात. मला ती यादी लक्षात राहते. तपासायला कुणी नव्हतं, मालक मेला होता, आणि शरणपूरला शिकलेला पोरगा वस्तू मोजून लिहीत होता.

तिसरी पायरी: जीभ

थोडक्यात सांगतो. 'होय' म्हणजे होय, 'नाही' म्हणजे नाही (मत्तय 5:37). आठवडाभर एक प्रयोग करा: जमणार नसेल तर 'बघू', 'येतो की', 'करतो ना' म्हणायचं नाही. सरळ 'नाही जमणार' म्हणायचं. नाशिककराला हे जड जातं, आपल्याकडे नकार हा उद्धटपणा समजतात. पण आठवड्याच्या शेवटी तुमच्या 'हो' ला वजन आलेलं असतं. दुसरं म्हणजे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणत्याही धर्माच्या, जातीच्या किंवा पक्षाच्या माणसाची टिंगल फॉरवर्ड करायची नाही, हसण्याचा इमोजीसुद्धा नाही. आपल्या पाळकांची, फादरांची निंदाही याच खात्यात जमा होते, हे सहसा कुणी सांगत नाही.

चौथी पायरी: एकट्याने नको

वरचं सगळं एकट्याला पेलत नाही. रविवारची उपासना किंवा मिस्सा चुकवू नकाच, पण तिथे दोनशे माणसांत कुणी तुम्हाला विचारत नाही की ती उधारी फिटली का. त्यासाठी तीन-चार जणांचा गट लागतो. पंधरा दिवसांतून एकदा, कुणाच्या तरी घरी, एक तास.

असे गट का मोडतात ते सांगतो. एक, खाण्यावरून. पहिल्या घरी चहा-बिस्किट, दुसऱ्या घरी पोहे, तिसऱ्या घरी पावभाजी, चौथी बाई म्हणते आमच्याकडे पुढच्या महिन्यात ठेवू. पहिल्याच दिवशी ठरवा: फक्त चहा. दोन, वेळेवरून. साडेसातची सभा साडेआठला सुरू होते आणि लहान मुलं पेंगायला लागतात. आलेल्यांना घेऊन वेळेवर सुरू करा, वेळेवर संपवा. तीन, शेजाऱ्यांवरून. माइक, ढोलकी, जिन्यात चपलांचा ढीग, पार्किंगमध्ये आडव्या गाड्या. फ्लॅटमध्ये माइक कशाला हवा? आधी वरच्या-खालच्या मजल्यावर सांगून ठेवा की महिन्यातून दोनदा तासभर आम्ही गाणी म्हणतो, त्रास झाला तर बेल वाजवा. चार, बाहेर गेलेल्या गोष्टींवरून. गटात कुणी नवऱ्याच्या दारूबद्दल बोलली आणि ते बुधवारी महिला मंडळाला माहीत, की गट संपला. असं ज्याच्याकडून होईल त्याला प्रेमाने पण स्पष्ट सांगा की आता तू थांब.

तासाचा उपयोग असा: एक गाणं, मार्कमधला एक प्रसंग, मग प्रत्येकाने वहीतली तिसरी ओळ सांगायची आणि मागच्या वेळची झाली का तेही. प्रार्थना छोट्या. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची गीतं आपल्या मराठी मंडळ्यांत अजून गायली जातात. ओवी-अभंगाच्या वळणाची आहेत, पेटीवर सहज बसतात. इंग्रजी कोरसचं भाषांतर गाऊन शेजाऱ्यांना आपण कुठल्या परदेशातून आलोय असं वाटण्यापेक्षा ही बरी.

पाचवी पायरी: शेजार, सण आणि प्रसाद

दर भाद्रपदात हा प्रश्न येतो. शेजारच्या घरी गणपती बसलाय, बोलावणं आलंय, जायचं का? आरतीला उभं राहायचं का? प्रसाद घ्यायचा का?

प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला याच विषयावर, म्हणजे मूर्तीला वाहिलेल्या अन्नावर, तीन अध्याय लिहिले (1 करिंथ 8 ते 10), आणि तरीही ख्रिस्ती लोकांत आजही एकमत नाही. त्यामुळे तुमचा विवेक काय म्हणतो ते आधी, सण यायच्या आत ठरवा; दारात द्रोण पुढे आल्यावर नाही. माझं मत असं की भेटायला जावंच. आरती चालू असेल तर गप्प, आदराने उभं राहावं, टाळ्या वाजवण्याचं नाटकही नको आणि तोंड वाकडं करून बाहेर निघणंही नको. प्रसादाबद्दल ज्यांना अडचण आहे त्यांनी हात जोडून म्हणावं, "काकू, प्रसाद मी घेत नाही, राग मानू नका. पण तुमच्या हातचा चहा घेतल्याशिवाय जाणार नाही." हे बसून, हसून म्हटलं तर कुणी दुखावत नाही. दुखावतात ते न जाण्याने. किंवा घेऊन कुंडीत टाकण्याने, आणि ते लहान मुलांनी हमखास पाहिलेलं असतं.

वर्गणीचं काय? मंडळ रक्तदान शिबिर घेतं, वह्या वाटतं. त्या कामासाठी द्या आणि पावतीवर तसं लिहून घ्या. रक्तदानाच्या रांगेत स्वतः उभे राहिलात तर पावतीचीही गरज नाही.

आणि नाताळ हा उलट्या बाजूचा सण. दिवाळीत सात घरांचा फराळ तुमच्याकडे आला असेल तर डिसेंबरात सात ताटं जायलाच हवीत, करंज्या, चकल्या, केक, जे तुमच्या घरचं असेल ते. ताट द्यायला मुलांना पाठवू नका, स्वतः जा, पाच मिनिटं टेका. ताटावर वचनाचं कार्ड चिकटवायचा मोह आवरा. शेजारी विचारतात, "तुमच्याकडे नाताळात नेमकं काय करतात हो?" हा विचारलेला प्रश्न आहे. गोठा, बाळ, मेंढपाळ, एवढं साध्या मराठीत सांगा. मध्यरात्रीच्या उपासनेला यायचं असेल तर या म्हणा, आणि आल्यावर त्यांना सगळ्यात पुढच्या बाकावर बसवून बावचळवू नका.

सहावी पायरी: आजारपणात

त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलमध्ये सुरगाणा-पेठपासून पेशंट येतात. नातेवाईक व्हरांड्यात सतरंजी टाकून झोपतात. शेजारचं किंवा ओळखीचं कुणी दवाखान्यात असेल तर हा क्रम ठेवा.

आधी विचारा काय हवंय. बहुतेक वेळा डबा, आंघोळीला जागा, रात्री सोबतीला माणूस, किंवा गावाकडच्या म्हाताऱ्या आईला फोन, यांपैकी एक असतं. ते करा. पलंगावर बसू नका, पेशंटच्या आजाराचे आणखी भयंकर किस्से सांगू नका, दहा मिनिटांत निघा. निघताना मनापासून वाटलं तर विचारा, "तुमच्यासाठी प्रार्थना करू का? इथे की घरी गेल्यावर?" दुसरा पर्याय दिल्यामुळे माणसाला संकोच न बाळगता नाही म्हणता येतं. हो म्हणाले तर अर्ध्या मिनिटाची, हळू आवाजात, पेशंटला समजेल अशा शब्दांत. 'हे प्रभू, मावशींना आज रात्री शांत झोप लागू दे, डॉक्टरांच्या हाताला यश दे, यांच्या मुलाला धीर दे. येशूच्या नावाने, आमेन.' पुरे.

आणि एक गोष्ट कधीही करायची नाही: बरं होण्याचं वचन द्यायचं नाही, गोळ्या बंद करायला सांगायचं नाही, 'विश्वास कमी पडला' म्हणायचं नाही. हा प्रश्न फक्त धर्माचा नाही. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा चमत्काराच्या नावाखाली फसवणूक करण्याला आणि साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखण्याला गुन्हा मानतो. देव बरं करतो असा आपला विश्वास आहे, आणि तो डॉक्टरांच्या हातूनही करतो. लूक वैद्य होता, हे आपल्याच शास्त्रात आहे.

सातवी पायरी: आता बोला

असं काही महिने गेले की कुणीतरी विचारतं. कधी आदराने, कधी टोमणा मारून. समजा पंचवटी एक्सप्रेसचा पासवाल्यांचा डबा आहे, इगतपुरी मागे पडलंय, आणि रोजचा सहप्रवासी पत्ते पिसता पिसता म्हणतो:

"काय राव, तुमच्यात पैसे देऊन लोकांना फिरवतात म्हणे?"

इथे चिडलात तर संपलं. 'तुम्हाला काय माहीत' म्हणालात तरी संपलं. त्यापेक्षा:

"कुणी तसं करत असेल तर ते चूकच. मला विचाराल तर पैसे देऊन घेतलेला विश्वास काय कामाचा? मला कुणी काही दिलं नाही हो, उलट रविवारची झोप गेली."

"मग तुम्ही कशाला जाता?"

हा दुसरा प्रश्न खरा. याचं उत्तर तयार हवं, दोन-तीन मिनिटांचं. एका संध्याकाळी बसून लिहून काढा. त्यात चार गोष्टी असू द्या: आधी मी कसा होतो, नेमकं काय घडलं, येशूमध्ये मला काय सापडलं, आणि अजून काय सुटलेलं नाही. शेवटची गोष्ट लोक गाळतात, आणि मग साक्ष जाहिरातीसारखी ऐकू येते. राग अजून येतो, पैशाची भीती अजून वाटते, वडिलांशी अजून बोलणं नाही, जे असेल ते सांगा. लिहिलेलं गटात वाचून दाखवा आणि सांगा की चर्चबाहेरच्या माणसाला न कळणारा प्रत्येक शब्द खोडा. 'तारण झालं', 'अभिषेक उतरला', 'जगिक लोक' हे सगळं जाईल. दुसऱ्याच्या देवांबद्दल, पूर्वजांबद्दल, मूर्तींबद्दल एक वाक्यही नको. आपल्याला काय मिळालं ते सांगायला दुसऱ्याचं काय खोटं हे सांगावं लागत असेल तर आपल्याकडे सांगण्यासारखं फारसं नाही.

मग थांबा. पुढे विचारलं तर मार्क किंवा मत्तय शुभवर्तमानाची छोटी प्रत देता येते, मागितली तरच. टिळकांची गोष्ट इथे आठवावी. रेल्वेच्याच प्रवासात एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. टिळकांनी तो वाचला तो त्यांच्या पद्धतीने, पंडिताच्या चिकित्सेने, आणि अडकले ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी. 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुस्तक देणारा माणूस मधल्या काळात त्यांच्या मागे लागलेला नव्हता.

घरातच मतभेद असेल तर

टिळकांच्या बाप्तिस्म्याने त्यांचं घर मोडल्यासारखं झालं. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या, कडक सोवळ्यात वाढलेल्या. त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या, पुढे परत आल्या, तरी सोवळंओवळं लगेच सुटलं नाही, आणि नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी लगोलग घेतला नाही. काही वर्षं गेली. त्या स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळी आल्या. ज्या घरात नवरा किंवा बायको, सासू-सासरे वेगळ्या श्रद्धेचे आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावं. पहिलं वर्ष तर जोडीदाराशी विश्वासाबद्दल वाद घालूच नका. भांडी घासा, रविवारी उपासनेला जाताना सासूबाईंचं औषध देऊन जा, देवघरातल्या फुलांना हात लावू नका आणि त्यांची टिंगलही करू नका. मुलांना कुठे न्यायचं हा निर्णय दोघांनी मिळून, भांडणाच्या दिवशी नव्हे.

सीमा, ज्या ओलांडायच्या नाहीत

घटनेच्या कलम 25 ने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क सगळ्यांना दिलाय, सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्याच्या अधीन राहून. 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपली तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 299 हे जाणूनबुजून धार्मिक भावना दुखावण्याबद्दल आहे. राज्यांचे कायदे बदलत असतात, म्हणून मंडळीने वर्षातून एकदा वकिलाला बोलावून ताजी माहिती घ्यावी.

व्यवहारात याचा अर्थ असा. मदत आणि सुवार्ता एका पिशवीत घालू नका. धान्याचा किट देताना प्रार्थनेची अट नाही, पत्रक नाही, फोटोही नाही. नोकरी, शाळेतला प्रवेश, फी, लग्न, यांचं आश्वासन विश्वासाला जोडून कधीच द्यायचं नाही. तुमच्या हाताखालच्या कामगाराशी, तुमच्या विद्यार्थ्याशी हा विषय तुम्ही काढायचा नाही, कारण त्याला मोकळेपणी नाही म्हणता येत नाही. दुसऱ्याच्या मुलांना संडे स्कूलला किंवा सुट्टीतल्या बायबल वर्गाला आई-वडिलांच्या लेखी परवानगीशिवाय बसवू नका. दुसऱ्याच्या तीर्थाच्या ठिकाणी, यात्रेत, घाटावर पत्रकं नकोत. 2027 च्या सिंहस्थात लाखो माणसं या शहरात उतरतील; आपल्या गल्लीत पाणी ठेवा, हरवलेल्या म्हाताऱ्याला मदत केंद्रापर्यंत पोचवा, घरातलं शौचालय बायकांना वापरू द्या. विचारलं तर नाव सांगा. येशूचं नाव सांगायची घाई तिथे नको. आपल्या बाळ येशूच्या यात्रेत कुणी येऊन आपल्याला पत्रकं वाटली तर कसं वाटेल, एवढा विचार पुरे.

कुणी खरंच म्हणालं, मला बाप्तिस्मा हवाय

आनंद होईल, पण घाई करू नका. आधी त्याने पूर्ण एक शुभवर्तमान स्वतः वाचलेलं असावं. घरच्यांना त्याने स्वतः सांगितलेलं असावं. चोरून केलेल्या बाप्तिस्म्याने पुढे त्याचीच फरपट होते. अठरा वर्षांखालचा असेल तर आई-वडिलांशिवाय विषयच नाही. कर्ज, घटस्फोट, प्रेमप्रकरण, आजार अशी तातडीची अडचण चालू असेल तर ती निवळेपर्यंत थांबा, म्हणजे नेमकं काय हवंय हे त्यालाही कळतं.

आणि अनुसूचित जातीतल्या माणसाला एक गोष्ट आधीच, कागदावर लिहून सांगा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदू, 1956 पासून शीख आणि 1990 पासून बौद्ध धर्मीयांना मिळतो. ख्रिस्ती झाल्यावर त्या सवलतींवर हक्क सांगता येत नाही. अनुसूचित जमातींच्या वेगळ्या आदेशात अशी धर्माची अट नाही. मुलीची शिष्यवृत्ती, नोकरीतली जागा, सगळ्यावर याचा परिणाम होऊ शकतो. काही मंडळ्या हे सांगत नाहीत, उलट 'कागदावर जुनंच राहू दे' असा सल्ला देतात. ज्याने 'होय म्हणजे होय' शिकवलं त्याच्या शिष्यत्वाची सुरुवात खोट्या दाखल्याने करायला लावणं मला मुळीच पटत नाही. किंमत कळल्यावर तो माणूस 'मी विचार करतो' म्हणून गेला, तर जाऊ द्या. लूक 14 मध्ये बुरूज बांधायच्या आधी बसून खर्च मोजा असं येशूनेच सांगितलंय.

वर्षानंतर वही उघडा

शेवटच्या पानावरची पाच नावं बघा. बहुधा कुणीही चर्चला आलेलं नसेल. एखाद्याने दोन प्रश्न विचारले असतील, एखाद्याने साफ सांगितलं असेल की या विषयावर माझ्याशी बोलू नको. त्याच्याशी त्या विषयावर बोलू नका. त्याच्या मुलीच्या लग्नात वाढायला उभे राहा, त्याच्या आईच्या दहाव्याला जा, पूर्वीसारखा चहा प्या. त्याचं नाव पुढच्या वर्षीच्या वहीतही पहिल्याच ओळीवर लिहा. आणि ज्यांची घरची परिस्थिती अजूनही तुम्हाला माहीत नाही, त्यांच्या नावापुढे टिंब द्या. या आठवड्यात त्यांच्याकडे जाऊन यायचंय.